तिला सगळं ऐकू येतं

अंगणवाडीची पायरी ही काही बसायची जागा नाही. तरी साडेबारा वाजले की आम्ही पाच-सहा जणी तिथं बसतोच. खिचडीच्या ताटल्या धुऊन होईपर्यंत पोरं सुटत नाहीत, आणि तोवर एकीनं काही सांगितलं की दुसरीला तिच्या घरचं आठवतं. परत जाताना प्रत्येकीच्या कडेवर स्वतःचं लेकरू आणि डोक्यात दुसरीच्या लेकराचा किस्सा. वर्षभर असं चाललं तर किती साठत असेल, तुम्हीच बघा. आमच्याकडचे किस्से तसे हसण्यासारखेच असतात. फक्त हसून झालं की एकदा मागं वळून बघावंसं वाटतं.

गाव सास्तूरपासून फार लांब नाही. भूकंपानंतर नव्यानं बसवलेलं, सरळ रस्त्यांचं, एकसारख्या घरांचं. मी धाराशिवची. एम.एस्सी. झाले, लग्न झालं, इथं आले. मोबाईलवर लेकरांच्या मेंदूबद्दल जे सापडेल ते वाचत असते. वाचून मी शहाणी झाले की घाबरट झाले, हे घरच्यांनी कधीच ठरवून टाकलंय.

अंगणवाडीच्या शोभाताईंना मोबाईलमध्ये माहिती भरायला मी मदत करते. त्यामुळं माझी ओवी तीन वर्षांची व्हायच्या आतच तिथली झाली. आणि ओवी बोलत नव्हती. ‘आई’ नाही, ‘बाबा’ नाही, ‘नको’सुद्धा नाही. रडायची ती पण तोंड उघडून, आवाज न करता. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, पोरगी जांभई देतीय.

शोभाताईंकडं एक तक्ता आहे. कोणत्या वयात लेकरू बसतं, कधी चालतं, कधी दोन शब्द जोडतं, असा. ओवीच्या नावापुढं चालणं, पायरी चढणं, हातानं जेवणं, सगळ्याला खुणा. बोलण्याची चौकट तेवढी रिकामी. ताई म्हणायच्या, भरू की, पळून चाललीय का चौकट. पण तिसऱ्या वाढदिवसापर्यंत ती भरली नाही तर पोरीला मोठ्या दवाखान्यात, मेंदूच्या तपासणीला न्यायचं ठरलं होतं. तेव्हा वाढदिवसाला आठ महिने होते.

हे सगळे किस्से त्या आठ महिन्यांतले.

*

पहिला शबानाचा. म्हणजे तिच्या आलियाचा. आलिया चार वर्षांची, तोंडाचा पट्टा अखंड चालू. एक दिवस खिचडी वाढताना तिनं मदतनीस गंगाबाईंना दुसरी ताटली मागितली. कुणाला? तर मुन्नीला. मुन्नी कुठाय? तर ही काय, खिडकीपाशी.

खिडकीपाशी कुणीच नव्हतं. गंगाबाईंनी हसून मूठभर खिचडी दुसऱ्या ताटलीत टाकली. थोड्या वेळानं दोन्ही ताटल्या चाटूनपुसून साफ. बरं, आलियाची भूक म्हणजे चिमणीची. घरी अर्धी पोळी खायला तिला तासभर लागतो.

हे रोजचं झालं. एकदा शोभाताई त्या खिडकीपाशी टेकणार, तर आलियानं त्यांचा पदर ओढला. “ताई, तिकडं नको बसू. ती लहान हाय, दबंल.” ताई उभ्याच राहिल्या. पुढं महिनाभर उभ्यानंच शिकवलं त्यांनी.

शबाना तेव्हा चार महिन्यांची पोटुशी होती, घाबरून गेली. मी तिला समजावलं की या वयात पोरांच्या मेंदूत कल्पना आणि भाषा दोन्ही जोरात वाढत असतात, असे मनातले सवंगडी बऱ्याच पोरांना असतात, उलट ते हुशारीचं लक्षण. शबानाला जरा धीर आला. मला नाही आला. नसलेल्या माणसाशी तिची पोरगी दिवसभर बोलत होती, आणि माझी असलेल्यांशीही बोलत नव्हती.

गंगाबाईंना मात्र कसलीच अडचण नव्हती. त्या म्हणाल्या, “रडत न्हाय, सांडत न्हाय, शी-शू न्हाय. आसली दहा आली तरी धाडा माझ्याकडं.”

*

आता माझाच मूर्खपणा सांगते.

कुठंतरी वाचलं की लेकराच्या नाकाला हळूच रंग लावायचा आणि त्याला आरशासमोर धरायचं. दोन वर्षांच्या आसपास लेकराला कळायला लागतं की आरशातलं ते आपणच. मग ते स्वतःच्या नाकाला हात लावतं. मी दुपारी दार लोटून घेतलं, ओवीच्या नाकाच्या शेंड्याला कुंकू लावलं आणि तिला घेऊन कपाटाच्या आरशासमोर बसले.

ओवीनं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग सावकाश मागं वळली, फ्रॉकचं टोक हातात धरलं आणि माझं नाक पुसलं. नीट, दोन्ही बाजूंनी. पुन्हा आरशात बघितलं आणि समाधानानं मान हलवली.

मी आरशात पाहिलं. माझ्या नाकाला काहीच नव्हतं. कुंकू होतं ते तिच्याच नाकाला, जसंच्या तसं.

तेवढ्यात सासूबाई आत आल्या. त्यांना आम्ही आत्या म्हणतो. त्यांचं ठाम मत आहे की लेकरू बोलायला लागण्याआधी त्याला आरसा दाखवला तर ते मुकं राहतं. कुंकू, आरसा आणि मी, एवढं एका नजरेत बघून त्या म्हणाल्या, “म्हणून बोलंना व्हय पोरगी!”

मी म्हणाले, आत्या, मी आजच दाखवला, ती तर दोन वर्षांपासून बोलत नाही.

“तू आज दावला. आरसा तर तुमच्या लग्नापास्नं कपाटाला हाय. त्यो बघतच आसंल की तिला.”

यावर कुठल्या विज्ञानात उत्तर आहे? दुसऱ्या दिवशी आरशावर आत्यांचं जुनं लुगडं आलं. मी आता मोबाईलच्या कॅमेऱ्यात बघून भांग पाडते. लुगडं काढा म्हणून मी अजून एकदाही म्हणालेले नाही, हेही खरं.

*

वैशालीचं माहेर तेरखेड्याचं. तिथं घरटी कुणी ना कुणी फटाक्याच्या कामाला. पोटुशी असताना ती शेवटचे चार महिने माहेरीच होती. रोज कुठल्या तरी माळावर नव्या मालाची चाचणी, रोज आवाज.

तिचं लेकरू नऊ महिन्यांचं झालं तेव्हा तालुक्याला डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी त्याच्या कानामागं घंटी वाजवली. लेकरू मजेत अंगठा चोखतंय. टाळी वाजवली, खुळखुळा आपटला. लेकरू डॉक्टरांच्या पेनाकडं बघतंय. डॉक्टरांचा चेहरा गंभीर झाला, त्यांनी कागद पुढं ओढला. तेव्हा वैशाली म्हणाली, “साहेब, एवढ्याशा आवाजाला आमच्यात आवाज म्हणत न्हाईत. जरा दमानं वाजवा की.”

पायरीवर आम्ही पोट धरून हसलो. मी शिकलेली असल्यामुळं मध्येच घातलं की पोटात असतानाच बाळाचा कान तयार होतो, आणि रोजच्या आवाजाला मेंदू दचकायचं सोडून देतो. वैशाली म्हणाली, थांब, पुढचं ऐक.

गावात एक लग्न होतं. वरातीत बॉम्ब लावले. सगळी तान्ही लेकरं किंचाळत होती, हे एकटं गाढ झोपलेलं. मग बॉम्ब संपले. बँडही थांबला. एकदम सगळं गप्प झालं. आणि त्यानं डोळे उघडले, आजूबाजूला बघितलं आणि असा टाहो फोडला की नवरदेवाचा घोडा बुजला. तासभर गप होईना. शेवटी आजीनं कानाशी परात बडवली, तेव्हा झोपलं.

“गप्प झालं की त्याला भ्या वाटतंय,” वैशाली म्हणाली. “आमच्याकडं कारखान्यात आवाज थांबले की समजायचं, काहीतरी झालंय. पण ह्ये त्याला कुणी सांगितलं?”

तिचं ऐकून मीही ओवीचा कान तपासायला सोलापूरला गेले. काचेच्या खोलीत बसवून, डोक्याला तारा लावून तासभर तपासणी झाली. तपासणाऱ्या बाईंनी हसत हसत रिपोर्ट हातात दिला. कान उत्तम आहेत म्हणाल्या, अगदी बारीक आवाजसुद्धा पोचतो. “काळजी करू नका. तिला सगळं ऐकू येतं. पहिल्यापासून येत असणार.”

याच्यापेक्षा चांगली बातमी नव्हती. एसटीत येताना मला मात्र घाम सुटला होता. का, ते तेव्हा मी स्वतःलाही सांगितलं नाही.

*

हा किस्सा शोभाताई स्वतः सांगतात, तोही दार लावून.

अंगणवाडीतली पोरं घर-घर खेळतात. कुठलीही पोरं खेळतात. एक आई, एक बाबा, चूल, भाकरी, जेवणं, मग सगळी चटईवर आडवी होऊन झोपतात. इथवर ठीक. पण आमच्या गावची पोरं झोपली की थोड्या वेळानं त्यातलं एक जण जमिनीला हात लावून बघतं. मग सगळी एकदम उठतात, एक शब्द न बोलता बाहेर पळतात आणि मैदानाच्या मध्यावर, भिंतींपासून लांब, गोल करून बसतात. मग एक जण सगळ्यांच्या डोक्याला हात लावून मोजतं. मोजून झालं की म्हणतं, “एक कमी हाय.” मग खेळ संपतो.

ताईंना वाटलं, मोजायला चुकत असतील. त्यांनी स्वतः मोजली. अकरा आत होती, अकरा बाहेर आली. त्यांनी विचारलं, कोण कमी आहे रे? पोरं एकमेकांकडं बघायला लागली. शेवटी आलिया म्हणाली, “म्हाईत न्हाय. एक कमी आसतंयच.”

या पोरांनी भूकंप बघितलेला नाही. त्यांच्यातल्या बहुतेकांच्या आयांनीही बघितलेला नाही. घरात त्या रात्रीचं कुणी बोलत नाही, आमच्या आत्या तर अजिबात नाही. पण उसाचा ट्रक गेला आणि मांडणीतली भांडी वाजली की आत्यांचा हात जमिनीला टेकतो, आणि दुसऱ्या हातानं मांडीवरचं लेकरू घट्ट धरलं जातं. मग त्या घरातल्या माणसांवरून एकदा नजर फिरवतात, ओठ हलतात. माझ्या मते पोरं ते सगळं आपापल्या आजीच्या मांडीवरूनच शिकली असणार. लेकराचा मेंदू शब्दांच्या आधी माणसाची पकड वाचायला शिकतो. पण हे मी ताईंना कसं सांगणार? आत्या मोजतात तेव्हा त्यांचं कोण कमी पडतं, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

एक दिवस तपासणीला जिल्ह्याच्या मॅडम आल्या. नेमका तेव्हा हा खेळ चालू होता. मॅडम बाहेर उभं राहून बघत राहिल्या. पोरं पळाली, बसली, मोजून झालं, “एक कमी हाय.” मॅडम खूश. जाताना शोभाताईंना म्हणाल्या, “आपत्ती व्यवस्थापनाचा सराव फारच छान घेतलाय. फक्त मोजणी पक्की करून घ्या.”

*

महादेवी मुरुमकडची. घरात कन्नड, बाहेर मराठी. तिच्या पोरीला, गौरीला, पहिले पाच महिने महादेवीच्या आईनं न्हाऊमाखू घातलं. पाय पसरून बसायचं, नडगीवर लेकरू पालथं टाकायचं, तेल चोळायचं. गौरी सहा महिन्यांची झाली आणि आजी गेली.

आता गौरी साडेतीन वर्षांची. अंगणवाडीत एका फाटक्या बाहुलीला न्हाऊ घालत होती. तसेच पाय पसरलेले, बाहुली तशीच पालथी. त्यात काही विशेष नाही, गावात कुठल्या ना कुठल्या ओसरीवर हे दिसतंच. पण महादेवी पायरीवरून बघत होती, ती बघता बघता उठून आत गेली. गौरीच्या उजव्या हाताची करंगळी सरळ, ताठ, वर उचललेली होती. चार बोटं चोळत होती, करंगळी हवेत.

महादेवीच्या आईची करंगळी खुरप्यानं कापली होती, लहानपणी. तेव्हापासून ती वाकत नसे.

महादेवीनं गौरीचा हात धरला. म्हणाली, बोट वाकव.

“वाकत न्हाय,” गौरी म्हणाली, आणि चोळत राहिली.

त्या दिवशी पायरीवर कुणी हसलं नाही. मीच बोलले. मी म्हणाले, यात भिण्यासारखं काही नाही. पाच महिने रोज तिच्या पाठीवर चारच बोटं फिरली, पाचव्याची जागा मोकळी राहिली. अंगाला झालेल्या सवयी मेंदू फार खोलवर ठेवतो. तिच्या पाठीला तेवढंच ठाऊक आहे की तेल चार बोटांनी लावतात.

महादेवीला ते पटलं, रडू आलं, बरं वाटलं. तेवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण मी पुढं म्हणाले की स्पर्शाचं तसं असतं, शब्दांचं नसतं. भाषा यायच्या आधी कुणी काही बोललं असेल तर ते लेकराच्या डोक्यात राहत नाही. राहूच शकत नाही. हे मी दोनदा सांगितलं.

कुणी विचारलेलं नव्हतं.

*

आता शेवटचा. हा मी पायरीवर कधी सांगितलेला नाही.

ओवीच्या वाढदिवसाला तीन आठवडे राहिले होते. तपासणीची तारीख घेतलेली होती. शबाना बाळंत होऊन चाळीस दिवस झाले, म्हणून आम्ही सगळ्या दुपारी तिचा मुलगा बघायला गेलो. शोभाताई, महादेवी, वैशाली, मी. आत्याही आल्या, नवं झबलं घेऊन. बायका पुढच्या खोलीत सतरंजीवर बसल्या, शबाना चहाला उठली. आतल्या खोलीत पाळण्यात बाळ रडत होतं. साधं नाही, श्वास कोंडेपर्यंत रडत होतं. मी झोका द्यायला उठले, तर ओवी माझ्या आधीच आत गेली होती.

मी उंबऱ्यात होते. ओवीनं पाळण्याची दोरी धरली, टाचा उचलल्या, आत वाकली. बोलण्याआधी एक लांब श्वास घेतला. मग म्हणाली,

“जा तू. मी कुणाला सांगणार नाही.”

बोबडं नाही, अडखळत नाही. स्वच्छ. बाळ त्या क्षणी गप्प झालं.

हे शब्द कुणाचे, ते मला माहीत आहे. ओवी पाच आठवड्यांची होती. मी धाराशिवला माहेरी. दुपारी सगळे साखरपुड्याला गेलेले, घरात आम्ही दोघीच. ती सकाळपासून रडत होती. पाजलं, शेकलं, खांद्यावर घेऊन फिरले, मी पण रडले. किती दिवस झोप नव्हती. शेवटी मी तिला पाळण्यात ठेवलं, तिच्या कानापाशी वाकले आणि ते म्हणाले. ओरडून नाही, रागानं नाही. अगदी मायेनं म्हणाले, आपण पाहुण्याला म्हणतो तसं. घरात तिसरं कुणी नव्हतं. मी ते आजवर नवऱ्याला सांगितलेलं नाही, आईला नाही, कुणालाच नाही.

त्या दिवशी ओवी गप्प झाली. संध्याकाळी आई परत आली, म्हणाली, किती शहाणं लेकरू, आवाज म्हणून नाही. पुढंही सगळे तेच म्हणायचे. मीही म्हणायचे.

पुढच्या खोलीतून गलका झाला. त्यांना आवाज ऐकू गेला होता, शब्द नाही. कोण बोललं? ओवी बोलली? महादेवीनं मला गदागदा हलवलं. वैशाली रडायला लागली. शबाना चहाचं पातेलं तसंच टाकून आली. आत्या उंबऱ्यापाशी आल्या.

“काय म्हणली गं माझी बाय?” त्यांनी मला विचारलं. “पहिलं काय म्हणली?”

सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. पाळण्यातलं बाळ डोळे उघडे ठेवून छताकडं बघत होतं.

“आई म्हणाली,” मी म्हणाले.

आत्यांनी शबानाच्या डब्यातून साखर घेतली, सगळ्यांच्या तोंडात घातली. पहिली चिमूट ओवीच्या. ती साखर चघळत, दोरी हातात धरून, शांतपणे माझ्याकडं बघत राहिली.

तिनंही कुणाला सांगितलं नाही.